तात्या पीत नाहीत

गंजाड, ता. डहाणू
दि. १२ फेब्रुवारी २०१७, रविवार
सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. लिहायला बसण्याआधी मी कंदिलाची काच राखेने पुसत होतो. ती आधीच स्वच्छ होती.

भाविकाताई,

कोसबाडच्या शाळेत आपण एका वर्गात होतो तेव्हा मी तुम्हाला तू म्हणत असे. नववीत मी शाळा सोडली. माझा दादा सुनिल तुमच्या वडिलांच्या, तात्यांच्या, चिकूवाडीत कामाला होता आणि पुढे मीही लागलो, म्हणून आता तुम्ही. नमस्कार सवयीने लिहितो. तो मनापासून आहे असे समजू नका.

फोन करता आला असता. पण चिडलो की मला बोलता येत नाही, आणि फोनवर बोललेले नंतर कोणी कबूल करत नाही. कागदावर तुमचे अक्षर राहील.

मागच्या वर्षी १७ मे, मंगळवारी विहिरीत काय झाले ते तात्यांनी तुम्हाला त्यांच्या पद्धतीने सांगितले असेल. मी तिथे होतो. पाणी तळाला गेले होते, म्हणून रॉकेलचे इंजिन दोरांनी खाली सोडून पंधरा फुटांवरच्या कपारीवर बसवले होते. ते सात वाजता सुरू केले. साडेनऊला आपोआप बंद पडले. तळाची जाळी गाळाने भरली असेल म्हणून नऊ चाळीसला दादा खाली उतरला. पहिली पाच मिनिटे चांगला बोलत होता. "गार आहे रे खाली. वर येऊच नये असं वाटतं," असे ओरडून म्हणाला. मग त्याची जीभ जड झाली. काहीतरी बोलला, ते कळले नाही. मग तो कपारीवरच इंजिनाला टेकून बसला आणि हाकेला ओ देईना. तो ओरडला नाही. धडपडला नाही. मी अर्ध्यावर उतरलो तेव्हा माझे डोके ठणकू लागले आणि पायांतला जोर गेला. आमच्याबरोबर कामाला असलेल्या चैत्याने मला दोराने ओढून वर घेतले आणि मग गळ टाकून दादाला काढले.

दादाचे तोंड लालसर होते, उन्हातून आल्यासारखे. तेवढे तात्यांना पुरले. "बघा तोंड, लालबुंद! जीभ कशी वळत होती ऐकलं ना? सकाळी सकाळी ताडी ढोसायची, विहिरीत उतरायचं आणि नाव माझ्या विहिरीचं!" पोलिसांनी कागदावर 'नशेत' असे लिहिले.

दादा ताडी पीत असे. खोटे लिहीत नाही. रविवारी पीत असे. त्या मंगळवारी तो पेज खाऊन निघाला होता. ती जानीवहिनीने स्वतः वाढली होती. आता बाजारात वहिनीला बायका दारुड्याची बाई म्हणतात.

आता पाणी पुन्हा उतरले आहे. होळी झाली की इंजिन परत खाली जाणार आणि चैत्या उतरणार. मी त्याला नको म्हणालो तर तो हसतो. "मी कुठं पितो? मला काय व्हायचं?" त्याची मुलगी तुळशी दोन वर्षांची आहे.

तुम्ही नाशिकला नर्सिंग शिकता. शुद्धीतला माणूस न गुदमरता, न ओरडता, लाल होऊन मरू शकतो का? हो की नाही ते लिहा.

प्रविण

---

नाशिक
२० फेब्रुवारी २०१७

प्रविण,

मला तुम्ही म्हणू नकोस. वर्गात माझ्या वहीतली शुद्धलेखनाची चूक सगळ्यांसमोर वाचून दाखवणारा तूच होतास.

सुनिलदादाबद्दल मला वाईट वाटते. मी वाडीवर असले की तो मला झाडावर पिकलेला चिकू वेगळा ठेवायचा. पण तू हो की नाही विचारतोस आणि तेवढ्यात सांगता येणार नाही. म्हणून जे शिकले ते लिहिते.

मेंदू जिथे मानेत उतरतो तिथे त्याचा देठ असतो. चिकूच्या देठाएवढा नाही, आपल्या अंगठ्याएवढा. श्वास तिथून चालतो, आपण झोपलो तरी. आपल्याला वाटते की प्राणवायू कमी झाला की माणूस गुदमरतो. तसे नाही. तो देठ मुख्यतः दुसरेच मोजतो. आपण जो वायू बाहेर सोडतो, कार्बन डायऑक्साइड, तो अंगात साठला की मेंदूभोवतीचे पाणी किंचित आंबट होते. देठातल्या काही पेशी तो आंबटपणा चाखतात आणि शेजारच्या पेशींवर रसायनाचे बारीक थेंब सोडतात. त्या पुढच्यांना जाग्या करतात आणि छातीला हुकूम जातो, ओढ, जोरात ओढ. दम रोखून धरला की नंतर राहवत नाही ना, ते हेच.

आता विहिरीतली हवा खराब असेल तर त्यात हाच वायू साठलेला असतो. मग देठ ओरडलाच असता. सुनिलदादा धापा टाकत वर आला असता, निदान ओरडला असता. तूच लिहितोस की तो शांत बसला. राग मानू नकोस, पण दारूने या पेशी सुस्त होतात आणि जीभही जड होते. तात्या म्हणतात त्यात काहीच नाही असे मला म्हणवत नाही.

एक विचारते. उतरण्याआधी कंदील सोडून पाहिला होता का? आपल्याकडे सगळेच सोडतात. विझला की कोणी उतरत नाही. तुझ्या पत्रात त्याचे काहीच नाही.

भाविका

---

गंजाड
२६ फेब्रुवारी २०१७, रविवार, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे. जेवण तसेच ठेवून लिहितो.

भाविका,

तू म्हण म्हणालीस, तर घे.

तुझे पत्र मी चार वेळा वाचले. त्यात एकही चूक नाही. तात्यांचे बोलणे तू पुस्तकाच्या भाषेत लिहून पाठवलेस. ते म्हणाले ताडी, तू म्हणालीस सुस्त पेशी. त्यांना शिकलेली मुलगी असल्याचा असा उपयोग होईल हे मला माहीत नव्हते. झाडावर पिकलेला चिकू वेगळा ठेवणाऱ्याला तू एका ओळीत दारुड्या केलेस, आणि वर राग मानू नकोस म्हणतेस. मी राग मानला आहे.

तू लिहिलेस म्हणून मी घरामागे बसून दम रोखून पाहिला. घड्याळ लावून पाच वेळा. सर्वांत जास्त एकेचाळीस सेकंद. शेवटी मानेपासून छातीपर्यंत कोणी आतून धक्के देत होते. डोळ्यांपुढे लाल झाले. माणूस ते लपवू शकत नाही, हे तुझे खरे आहे.

पण आता माझे ऐक. त्या दिवशी मी अर्ध्या विहिरीत होतो. माझे डोके ठणकले, पाय गेले, चैत्या म्हणतो मी त्याच्या नावाच्या जागी आईचे नाव घेत होतो. मला दम लागला नाही. एकदाही नाही. मी ताडीच्या वासानेही ओकतो हे अख्ख्या पाड्याला माहीत आहे. मग माझा देठ का ओरडला नाही? तो काय तात्यांच्या पगारावर आहे?

तुझ्या पुस्तकात फक्त एकच वायू आहे का? त्या देठाला फसवणारे दुसरे काही नाही का? सरांना विचार. मॅडमना विचार. तात्यांना विचारू नकोस.

बाकीच्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही.

प्रविण

---

नाशिक
७ मार्च २०१७

प्रविण,

तुझे पत्र वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिले नाही, कारण मलाही राग आला होता. मग तुझ्या दम न लागण्याचे डोक्यातून जाईना. आमच्या शिकवणाऱ्या मॅडमना मी कोणाचे नाव न घेता सगळे सांगितले. त्यांनी मला पूर्ण बोलूही दिले नाही. "इंजिन कुठे होते?" एवढेच विचारले. मी म्हणाले, विहिरीत. त्या म्हणाल्या, "मग दारू कशाला शोधतेस?"

मी चुकले. मी विहिरीचा विचार केला, इंजिनाचा केला नाही.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. नाव सारखे वाटते, पण काम उलटे. त्याला वास नाही. रॉकेलचा वास येतो, पण त्याची तुम्हाला सवय आहे. तो रक्ताला असा चिकटतो की प्राणवायूला जागाच राहत नाही. आणि रक्त लाल दिसते, नेहमीपेक्षा जास्त लाल. डोके दुखते, पाय जातात, जीभ वळत नाही. प्यायल्यासारखे दिसते, प्रविण. हुबेहूब.

आणि देठ ओरडत नाही. कारण माणूस श्वास घेतच असतो, सोडतच असतो. आपला रोजचा वायू बाहेर पडत राहतो, मेंदूभोवतीचे पाणी आंबट होत नाही, त्या पेशींना चाखायला काही मिळत नाही. त्या थेंब सोडत नाहीत. राखणदार जागा असतो, पण तो वेगळ्याच दाराकडे बघत असतो. माणसाला गार वाटते, झोप येते. ज्याला प्राणवायू हवा तो मेंदूच आधी मंद होतो. मग देठही बंद पडतो.

तुझे उत्तर हो. शुद्धीतला माणूस असा मरू शकतो.

मी तात्यांना फोन केला. त्यांनी अर्धे ऐकले आणि म्हणाले, "तुला फी भरून हे शिकायला पाठवलं का, बापाला खुनी ठरवायला?" फोन ठेवला. ते मला कधी असे बोलले नव्हते.

मॅडम म्हणाल्या, एक गोष्ट कळली तर संशयच उरणार नाही. कंदील. ज्या हवेत प्राणवायूच नाही तिथे कंदील विझतो. पण इंजिनाच्या या वायूत तो जळत राहतो, कारण माणसाला मारायला याचा थोडासा अंश पुरतो आणि ज्योतीला त्याने काही होत नाही. कंदील सोडला होता का? सोडला असेल तर विझला का? तू का सांगत नाहीस?

भाविका

---

गंजाड
१४ मार्च २०१७, मंगळवार, सकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटे. काल धुळवड होती. मी घरातून बाहेर पडलो नाही.

भाविका,

कंदील मी सोडला होता.

नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी. दोर तीस फूट, अर्ध्या हाताच्या अंतराने गाठी मारलेला. तो मीच तयार केला होता, कारण वाडीवर सगळे मला मोजमापाची कामे देतात. कंदील तळापर्यंत सोडला, मनात शंभर मोजले आणि वर ओढला. तो जळत वर आला. ज्योत हललीसुद्धा नव्हती. दादाने विचारले, "काय मास्तर, उतरू?" मी म्हणालो, "उतर. मी पाहिलंय."

हे मी पोलिसांना सांगितले नाही. जानीवहिनीला सांगितले नाही. मला वाटले, मी नीट पाहिला नसेल, शंभर घाईने मोजले असतील, आणि सगळे म्हणतील भावाने भावाला मारले. मग तात्यांनी ताडीचे काढले. मी त्यांच्यावर चिडलो, अजून चिडलेला आहे, पण आतून मला थोडे बरेही वाटले होते, कारण कंदिलाकडे कोणी बघत नव्हते. मला स्वतःची किळस येते. दहा महिने मी ती काच पुसतो आहे. तिला काहीच झालेले नाही. कंदील खोटे बोलला नाही आणि मीही नीटच मोजले होते. खाली जे होते ते त्याला दिसणारे नव्हते.

तुझे पत्र आले त्याच रात्री मी वहिनीला सगळे सांगितले. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाली, "तू दहा महिने मला रडू दिलंस, आणि हे तुझ्याजवळ होतं." माझे ताट तिने अजून वाढलेले नाही. मी हाताने घेतो.

शनिवारी पोलिसांकडे गेलो, कंदिलाचे लिहून दिले. हवालदार म्हणाले, शवविच्छेदनातल्या नमुन्यांचा अहवाल अजून आलेला नाही, डॉक्टरचा कागद असेल तर आण. तिथून तात्यांकडे गेलो. ते ओट्यावर चहा घेत होते. ऐकून घेतले आणि हसले.

"दहा महिन्यांनी तुझा कंदील पेटला काय रे?"

मी म्हणालो, "इंजिन खाली नका सोडू."

"मग पाणी काय तू तोंडाने ओढणार? चारशे झाडं आहेत माझी. सोमवारी, सत्तावीसला, इंजिन खाली जाणार. चैत्या पीत नाही. विहीर पिणाऱ्यालाच खाते."

चैत्या तिथेच उभा होता. त्याने मान हलवली. तात्यांचे बोलणे त्याला पटते, माझे नाही. मी काय, नववी नापास.

तू ये. तुझे सगळे ऐकतील.

प्रविण

---

नाशिक
२० मार्च २०१७

प्रविण,

माझी वॉर्डातली ड्युटी लागली आहे. सुट्टी मागितली, मिळाली नाही. पळून यायचेही मनात आले. पण खरे सांगू का, मी आले तर तात्या मला हाताला धरून घरात नेतील आणि मी जाईन. मला माझी खात्री नाही. कागदाला हाताला धरून नेता येत नाही.

सोबत वेगळा कागद आहे. तो विहिरीवर, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाच. तात्यांच्या हातात आधी देऊ नकोस.

तू तुझे सांगितलेस, आता माझे ऐक. इंजिनाला धूर विहिरीबाहेर काढणारे दोन लोखंडी पाइप होते, प्रत्येकी दहा फुटांचे. मागच्या वर्षी १५ मे रोजी माझ्या मावसबहिणीची हळद आमच्या अंगणात झाली. मांडवाला दोन खांब कमी पडत होते. तात्यांनी विचारले, काय लावू? विहिरीजवळचे ते पाइप मी दाखवले. मीच त्यांना आंब्याची पाने बांधली. हळदीच्या फोटोत मी त्यातल्याच एकाला धरून उभी आहे. मांडव उतरला आणि पाइप गोठ्यात पडून राहिले. १७ तारखेला इंजिन पाइपाशिवाय खाली गेले. मॅडमनी "इंजिन कुठे होते" विचारले तेव्हाच मला ते आठवले. मागच्या पत्रात मी लिहिले नाही. तुझ्यावर कंदिलासाठी चिडत होते आणि माझा पाइप लपवत होते.

कागदात हेही आहे. वाचताना गाळू नकोस.

भाविका

---

गंजाड
२८ मार्च २०१७, मंगळवार, गुढीपाडवा. सकाळचे सात. आमच्या दारात गुढी नाही. वहिनीने ताट वाढले आहे, ते समोर आहे.

भाविका,

क्रमाने लिहितो.

काल मी साडेसहाला विहिरीवर गेलो. इंजिनाला दोर बांधून झाले होते. चैत्या, तात्या, आणखी पाच गडी. वहिनी माझ्यामागून आली. मी तिला सांगितले नव्हते. ती येऊन विहिरीच्या काठावर बसली.

मी कागद काढला. तात्या म्हणाले, "वाचा मास्तर, वाचा. पाडव्याचं पंचांग आणलंय वाटतं." गडी हसले. मी म्हणालो, "तुमच्या भाविकाचं आहे." मग कोणी हसले नाही.

मी वाचले. देठाचे, रक्ताचे, लाल तोंडाचे. कंदिलाचे वाचताना मी थांबलो आणि माझे स्वतःचे सांगितले. चैत्या माझ्याकडे बघत होता. "तू सोडलेला कंदील?" मी म्हणालो, "मी सोडलेला. जळत वर आला." मग पाइपाचे वाचले, एकही शब्द न गाळता. तात्या पुढे आले आणि कागद ओढू लागले. "माझ्या पोरीचं डोकं फिरवलंस तू! ही पाचवीत होती तेव्हापासून बघतोय तुला. काही नाही, सुनिल प्यायलेला होता, अख्खी वाडी सांगेल!"

वाडीने काही सांगितले नाही.

मग जानीवहिनी बोलली. ती ओरडली नाही. म्हणाली, "तात्या, इंजिन सोडा खाली. पाइपाशिवाय सोडा. दोन-अडीच तास चालू द्या, तेव्हा चाललं होतं तेवढंच. मग तुम्ही उतरा. तुम्ही तर पीत नाही ना?"

मी घड्याळ पाहिले नाही. तात्या किती वेळ तसे उभे होते हे सांगता येणार नाही, आणि मला अशी गोष्ट सांगता न येण्याची ही पहिलीच वेळ आहे. तात्या विहिरीत बघत होते. एकदा पायातली चप्पल त्यांनी काढली. मग परत घातली.

चैत्याने कमरेचा दोर सोडला आणि खाली टाकला.

तेवढ्यात तुझी आई मागच्या दाराने आली. हिरकणीकाकू कधी विहिरीवर येत नाहीत. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पाइप गोठ्यात आहेत. पेंढ्यामागे. एकाला अजून सुतळी बांधलेली आहे." तात्या त्यांच्यावर ओरडले. काकू उत्तर न देता परत गेल्या. चैत्या गोठ्यात गेला आणि पाइप खांद्यावर घालून आला. तो म्हणाला, "आता पाइप असला तरी मी उतरणार नाही. इंजिन वरच ठेवा. पाणी नाही ओढलं तर नाही." इतर पाच जणांनी तेच म्हटले. आज इंजिन वर आहे. ते पाणी ओढत नाही. चारशे झाडे सुकली तर सुकू देत असे मी म्हणणार नाही, ती आम्हीच लावली आहेत. टँकरचे बघा, असे मी तात्यांच्या तोंडावर सांगितले.

त्यांनी माफी मागितलेली नाही. दादा प्यायला नव्हता हे वाक्य त्यांच्या तोंडून आलेले नाही. म्हणून माझा राग तसाच आहे. तुझ्या मॅडमचा सहीचा कागद पाठव. पोलिसांना द्यायचा आहे. माझे तुझ्यावर चिडणे मी मागे घेत नाही, कारण तेव्हा ते बरोबर होते. पण आता तेवढे राहिलेले नाही.

माझी टिपण्याची सवय तुला माहीत आहे. हिशेब:

गेले: पाकिटे आणि तिकिटे, चार पत्रांची, वीस रुपये. पोलिसांकडे जाण्यायेण्याचे एसटी भाडे, दोन फेऱ्या, ऐंशी रुपये. जबाबाच्या झेरॉक्स, सहा रुपये. एकूण एकशे सहा.

तात्यांकडून येणे: दादाची मे महिन्यातली पंधरा दिवसांची मजुरी, दोनशेप्रमाणे तीन हजार. प्यायलेल्याची मजुरी कसली, म्हणून दिली नव्हती. ती वहिनीच्या हातात द्यायची. आणि एक वाक्य. ते बाजारात, जिथे आधीचे बोलले गेले तिथेच.

डहाणूला दुकानात विचारून आलो. तसे नवे दोन पाइप, दहा-दहा फुटी, चौदाशे चाळीस रुपये. तेवढ्यात दादा वाचला असता. ही रक्कम तात्यांच्या नावावर टाकू, तुझ्या की माझ्या, हे काल रात्रीपासून ठरत नाही. रकमेसमोरची जागा मी रिकामी सोडली आहे.

प्रविण